‘बिघडलेल्या’ मुलांची वेगळी तुकडी करावी का?

उंबरठा

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेच्या शिस्त समितीवर पालक प्रतिनिधी आहे. गेल्या महिन्यात चौदा वर्षांच्या तीन मुलांनी प्रयोगशाळेचे कुलूप तोडले, दोन सूक्ष्मदर्शक पळवले आणि जाताना काचेची बरीचशी उपकरणे फोडून टाकली. तिघेही सापडले आणि तिघांनीही कबूल केले. त्यांपैकी दोघांचे नाव शिस्तीच्या वहीत यापूर्वी कधीही आले नव्हते, तिसऱ्याचे मात्र तीनदा आले होते.

आता समितीपुढे प्रस्ताव आहे की शाळेतील अशा सर्व मुलांची, म्हणजे एकूण अकरा जणांची, वेगळी तुकडी करावी, तिला कडक शिक्षक द्यावेत आणि तिचे वेळापत्रकही निराळे ठेवावे. एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘एक नासका आंबा सगळी अढी नासवतो’ हे वाक्य उच्चारले आणि चर्चा जवळजवळ तिथेच संपली. मला मात्र चैन पडेना. विचलित वर्तन मुलात असते, त्याच्या संगतीत असते, की ज्या जागेत आणि ज्या परिस्थितीत ते मूल वावरते तिच्यात असते? या प्रश्नाचे आपण जे उत्तर धरून चालू, त्यावर ही तुकडी शहाणपणाची ठरेल की घातक, हे अवलंबून आहे. पुढच्या आठवड्यात मतदान आहे. कृपया अनुभव, वाचन, मतभेद, सर्व काही लिहा.

तिरकस

नासके आंबे एकत्र ठेवले की ते पुन्हा चांगले होतात, हा शोध कोणत्या बागायतदाराने लावला, तेवढे त्या ज्येष्ठ सदस्यांना माझ्या वतीने विचारा.

पाऊलवाट

तिरकस यांनी विनोदात जे सांगितले त्याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. एडविन सदरलँड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1939 मध्ये मांडलेला आणि 1947 मध्ये सुधारलेला सिद्धांत असे म्हणतो की गुन्हेगारी वर्तन इतर कोणत्याही वर्तनासारखे शिकले जाते आणि ते मुख्यतः जवळच्या माणसांच्या सहवासात शिकले जाते. त्यात कुलूप कसे उघडावे एवढेच शिकणे येत नाही. ‘त्यात काय एवढे’, ‘त्यांच्याकडे पुष्कळ आहे’ ही समर्थनेही तिथेच शिकली जातात, आणि माझ्या मते कौशल्यापेक्षा ती अधिक टिकाऊ असतात. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी 1957 मध्ये अशा समर्थनांचे पाच प्रकार सांगितले होते: जबाबदारी नाकारणे, नुकसान नाकारणे, बळी पडलेल्यालाच दोषी ठरवणे, दोष देणाऱ्यांवर उलट दोष ठेवणे आणि ‘मित्रांसाठी केले’ असे म्हणणे. तुमच्या त्या तिघांचे जबाब पुन्हा वाचून पाहा, पाचांपैकी निदान दोन तरी सापडतील.

पुढे टॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे मित्रांशी चाललेले संवाद चित्रित करून तपासले. ज्या जोड्यांमध्ये नियम मोडण्याच्या गप्पांना हसून दाद मिळत होती, त्या मुलांचे वर्तन पुढच्या काळात अधिक बिघडले. कोणी कोणाला चिथावले नव्हते, धमकावलेही नव्हते. मित्राचे हसणे पुरेसे होते. आता अकरा मुले एका खोलीत दिवसभर बसवली, तर तिथे दाद कोणत्या गोष्टीला मिळेल, याचा विचार करा.

कणखर

मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण अशा धाग्यांवर ती कोणी मांडत नाही. संगत, परिसर, गरिबी, घरातले वातावरण ही सगळी कारणे मान्य केली, तरी त्याच परिसरात वाढलेली, त्याच वर्गात बसलेली बहुसंख्य मुले कुलूप तोडत नाहीत, हे सत्य उरतेच. परिस्थितीला कर्ता केले की माणूस नुसते कर्म होऊन बसतो, आणि चौदा वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या हातात काहीच नव्हते’ असे सांगणे हा त्याचा अपमान आहे. शिवाय वर्गातील उरलेल्या मुलांचे काय? त्यांना शांतपणे शिकण्याचा हक्क आहे आणि त्यांचा कैवार घेणारा आयडी मला इथे अजून दिसलेला नाही.

अर्धविराम

कणखर, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण तुम्ही दोन प्रश्नांची गाठ मारली आहे. ‘या विशिष्ट मुलाने हे का केले’ हा एक प्रश्न आणि ‘या ठिकाणी अशा घटनांचे प्रमाण इतके का’ हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरात निवडीला जागा आहेच. दुसऱ्याचे उत्तर निवडीने देता येत नाही, कारण एका वस्तीतील माणसे दुसऱ्या वस्तीतील माणसांपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या वाईट निवड का करत राहतील, हे तुम्हाला वेगळे समजावून सांगावेच लागेल.

क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मके यांनी शिकागोतील बालगुन्हेगारीच्या नोंदी अनेक दशकांच्या अंतराने नकाशावर मांडल्या. त्यांचा ग्रंथ 1942 चा आहे. शहराच्या मध्याजवळच्या, सतत माणसे येत-जात राहणाऱ्या पट्ट्यात प्रमाण जास्त, तर बाहेरच्या पट्ट्यांत कमी होते. यात धक्कादायक काही नाही. धक्का पुढे आहे. त्या मधल्या पट्ट्यातील लोकसंख्या या काळात जवळपास पूर्ण बदलली, एका देशातून आलेले स्थलांतरित निघून गेले आणि दुसऱ्या देशांतले आले, तरी त्या पट्ट्याचे प्रमाण चढेच राहिले. तिथून बाहेर पडलेल्या गटांच्या मुलांचे प्रमाण मात्र नव्या जागी उतरले. ‘ते लोकच तसे’ या विधानाला याहून नेमके उत्तर मी वाचलेले नाही.

मग त्या जागेत होते तरी काय? नुसती गरिबी म्हणून भागत नाही. रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच शहरातील 343 वस्त्यांमध्ये 8,782 रहिवाशांना विचारलेले प्रश्न अगदी साधे होते. मुले शाळा चुकवून कोपऱ्यावर उभी असतील, तर शेजारी काही बोलतील का? कोणी भिंती रंगवून विद्रूप करत असेल, तर हटकतील का? 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की जिथे एकमेकांवर विश्वास आहे आणि ‘कोणीतरी हटकेल’ ही अपेक्षा आहे, तिथे हिंसा कमी होती, आणि गरिबीचे प्रमाण हिशेबात धरूनही हा फरक टिकला. उंबरठा, तुमच्या धाग्यासाठी हा प्रश्न विचारण्याजोगा आहे: त्या प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या वाटेवर शाळा सुटल्यानंतर कोण असते?

कणखर

चांगले लिहिले आहे. पण मग उपाय सोपा झाला की. मुलाला चांगल्या जागी हलवा, म्हणजे प्रश्न सुटला.

सावध

तेवढे सोपे असते, तर 1994 मध्ये अमेरिकेतील पाच शहरांत सुरू झालेल्या प्रयोगाचा निकाल एका ओळीत सांगता आला असता. सुमारे 4,600 गरीब कुटुंबांत सोडत काढली आणि काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत दिली. मुलींमध्ये अटकेचे प्रमाण कमी झाले. मुलग्यांमध्ये हिंसक गुन्ह्यांसाठी होणारी अटक सुरुवातीला घटली, पण काही वर्षांनी मालमत्तेच्या गुन्ह्यांचे प्रमाण उलट वाढलेले आढळले. बऱ्याच वर्षांनी उत्पन्न तपासले, तेव्हा तेरा वर्षांच्या आत हललेल्या मुलांना लक्षणीय फायदा झाल्याचे दिसले, त्याहून मोठ्या वयात हललेल्यांना झाला नाही. म्हणजे जागेचा परिणाम खरा आहे, पण वय, लिंग आणि मागे सुटलेले मित्र यांना वगळून तो सांगता येत नाही. तुमची मुले चौदा वर्षांची आहेत, हे त्या दृष्टीने ध्यानात घ्यावे.

नोंदवही

माझा आयडीच असा असल्याने मला मूळ लेखातील एक तपशील खटकला. तिसऱ्या मुलाचे नाव वहीत तीनदा होते. कशासाठी? आणि उरलेल्या दोघांनी तीच कृत्ये कधी केली नव्हती, की केली पण लिहिली गेली नव्हती?

विल्यम चॅम्ब्लिस यांनी 1973 मध्ये एकाच शाळेतील दोन टोळक्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. आठ मुले सुखवस्तू घरांतली होती. ती शाळा चुकवत, दारू पीत, बेफाम गाडी चालवत आणि मोडतोड करत, पण बोलायला नम्र होती आणि उद्योग गावाबाहेर जाऊन करत. त्यांच्यापैकी कोणालाही त्या दोन वर्षांत अटक झाली नाही. दुसरी सहा मुले गरीब घरांतली, चौकात सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी राहणारी आणि उलट बोलणारी होती. त्यांचे पोलिसांशी सतत खटके उडत. प्रत्यक्ष कृत्यांची तुलना केली, तर दोन्ही गटांत फारसे अंतर नव्हते. गावाने ज्याला जे म्हटले, बहुतेक जण त्याच वाटेने पुढे गेले.

हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये याच दिशेने लिहिले होते की विचलन हा कृत्याचा अंगभूत गुण नव्हे, ते इतरांनी नियम लावण्याचे फलित आहे. मला हे विधान टोकाचे वाटते, कारण फुटलेली काच कोणी नाव ठेवले नाही तरी फुटलेलीच असते. पण शिक्का बसल्यानंतर माणूस त्या शिक्क्याभोवती स्वतःची ओळख उभारू लागतो, हे एडविन लेमर्ट यांनी 1951 मध्ये ‘दुय्यम विचलन’ या नावाने सांगितले, आणि त्याचे सर्वांत भीषण रूप कायद्याच्या पुस्तकात पाहायला मिळते. ब्रिटिश सरकारने 1871 मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक समूह जन्मतःच गुन्हेगार ठरवले. जन्माला आलेल्या बाळाने कोणाचे कुलूप तोडले होते? 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. तुमची अकरा जणांची तुकडी हा त्याच वृक्षाचा लहानसा अंकुर आहे, असे म्हटले तर राग मानू नये.

तिरकस

‘लहानसा अंकुर’ जरा जास्त झाले, नोंदवही. शाळेच्या तुकडीची तुलना थेट त्या कायद्याशी केली, की मतदानात तुकडीच जिंकणार.

उंबरठा

नोंदवही यांच्या प्रश्नामुळे मी आज वही मागवून घेतली. तुलना जड वाटली तरी प्रश्न नेमका होता, हे कबूल करते. तिसऱ्या मुलाच्या तीन नोंदींपैकी दोन उशिरा येण्याच्या आहेत आणि एक ‘शिक्षकांना उद्धट उत्तर’ अशी आहे. हजेरीपट पाहिला, तर दुसऱ्या एका मुलाला याच वर्षात सात वेळा उशीर झाला आहे. पण त्याच्या पालकांनी दर वेळी चिठ्ठी पाठवली होती, म्हणून ते शिस्तीच्या वहीत आले नाही. तिसऱ्या मुलाच्या घरी चिठ्ठी लिहायला त्या वेळी कोणी नसते.

अर्धविराम, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की प्रयोगशाळा इमारतीच्या मागच्या अंगाला आहे, त्या बोळातला दिवा बंद पडलेला आहे आणि शाळा सुटल्यावर तिथे कोणीही नसते. जवळच मोडक्या बाकांचा ढीग पडलेला आहे. तो किती महिन्यांपासून आहे, हे कोणालाही आठवत नाही.

सावध

तो ढीग महत्त्वाचा आहे. मोडकी खिडकी तशीच ठेवली, की ‘इथे कोणाला फिकीर नाही’ असा निरोप जातो, असे जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी 1982 मध्ये लिहिले. त्यांच्या लेखाच्या आधारे पुढे पोलिसांनी क्षुल्लक गुन्ह्यांसाठी जी धरपकड केली तिच्यावर टीका झाली, आणि माझ्या मते ती योग्यच होती. पण मूळ निरीक्षण प्रयोगात टिकले आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे एका गल्लीत सायकलींच्या मुठींना जाहिरातीचे कागद लावून ठेवले होते. भिंत स्वच्छ असताना 33 टक्के लोकांनी कागद खाली टाकला, तर भिंतीवर रेघोट्या असताना 69 टक्क्यांनी टाकला. दुसऱ्या प्रयोगात टपालपेटीतून अर्धवट बाहेर आलेले, आत नोट दिसणारे पाकीट स्वच्छ परिसरात 13 टक्क्यांनी चोरले, रेघोट्या असताना 27 टक्क्यांनी. हे 2008 मधले आहे. माणसे सामान्य, गल्ली तीच, बदलली फक्त भिंत.

त्याहून माझ्या आवडीचे उदाहरण फिलाडेल्फियाचे आहे. तिथे 541 ओसाड भूखंडांपैकी काही, सोडतीने निवडून, साफ करून हिरवळ लावण्यात आली. 2018 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत बंदुकीच्या हिंसेत 29 टक्के घट झाली. कोणालाही उपदेश केला नव्हता.

कणखर

म्हणजे बाक उचलले की मुले सुधारली, असे का? मी खुर्ची धरून बसलो आहे.

पाऊलवाट

मुले सुधारली असे नव्हे, त्या बोळातले कुलूप तुटण्याची शक्यता घटली. समितीला वर्षभर तेवढे मिळाले, तरी ते कमी नाही.

पांढरपेशा

इथे सर्वांनी ‘विचलित’ म्हणजे गरीब वस्तीतील मुलगा, असे गृहीत धरलेले दिसते. तेच सदरलँड, ज्यांचा उल्लेख वर आला आहे, त्यांनी 1949 मध्ये अमेरिकेतील 70 मोठ्या कंपन्यांचा इतिहास तपासला आणि त्यांच्याविरुद्ध न्यायालये व शासकीय मंडळांनी दिलेले 980 निर्णय मोजले. प्रकाशकाने खटल्याच्या भीतीने कंपन्यांची नावे गाळायला लावली आणि ती असलेली संपूर्ण आवृत्ती 1983 मध्ये निघाली. या संचालकांची घरे मोडकी नव्हती, बालपण उपाशी गेले नव्हते आणि बोळातला दिवाही चालू होता. त्यामुळे गरिबी हे कारण म्हणून अपुरे पडते. संगतीचे स्पष्टीकरण मात्र दोन्हीकडे लागू पडते, कारण ‘धंद्यात असेच चालते’ हे वाक्यही कोणीतरी कोणाच्या तरी शेजारी बसूनच शिकलेले असते.

रॉबर्ट मर्टन यांचे 1938 चे प्रतिपादनही इथे उपयोगी आहे. समाज यशाचे ध्येय सर्वांना सारखेच दाखवतो, तिथवर जाण्याची वाट मात्र सर्वांना सारखी देत नाही, आणि या ओढाताणीतून काही जण आडवाट शोधतात. माझी पुस्ती एवढीच की ज्यांना वाट मिळाली आहे त्यांनाही ‘आणखी’ हे ध्येय कधी पुरत नाही.

वेगळी_तुकडी

बरीच वर्षे इथे फक्त वाचतो, पण शीर्षक पाहून राहवले नाही. मी अशाच एका तुकडीत होतो. शाळा कोणती, ते सांगत नाही आणि तक्रारही करत नाही.

आम्ही नऊ जण होतो. मी तिथे गेलो तेव्हा माझा अपराध शाळा चुकवणे एवढाच होता. पहिल्या महिन्यात मला कळले की त्या खोलीत शाळा चुकवणारा म्हणजे अगदीच किरकोळ माणूस, आणि किरकोळ राहणे त्या वयात सोसवत नाही. दुसऱ्या सत्रापर्यंत मी दुचाकी किल्लीशिवाय सुरू करायला शिकलो होतो. शिक्षक वाईट नव्हते. एक जण तर फार मायाळू होते. पण ते दिवसातून पाच तास असत आणि आम्ही एकमेकांना उरलेला सर्व वेळ असायचो.

त्यातून बाहेर कसा पडलो, असे लोक विचारतात तेव्हा त्यांना एखादा गुरू किंवा साक्षात्कार अपेक्षित असतो. तसे काही घडले नाही. घरच्यांनी बिऱ्हाड बदलले आणि मला एका छापखान्यात संध्याकाळचे काम मिळाले. सहा ते दहा कागद मोजायचे, गठ्ठे बांधायचे. रात्री घरी आलो की झोप यायची. जुने मित्र दोनदा भेटायला आले, तिसऱ्यांदा आले नाहीत. मला कोणी सुधारले नाही, माझ्याकडे फक्त वेळ उरला नाही. चांगले वाटणे वगैरे पुष्कळ नंतरचे.

अर्धविराम

वेगळी_तुकडी, मनःपूर्वक आभार. तुम्ही जे लिहिले, जवळपास तेच जॉन लॉब आणि सॅम्पसन यांना आढळले. बॉस्टनमधील 500 बालगुन्हेगारांच्या जुन्या नोंदी त्यांनी पुन्हा हाती घेतल्या आणि त्यांपैकी काहींचा सत्तर वर्षे वयापर्यंत माग काढला. स्थिर नोकरी, विवाह, सैन्यातील भरती अशा वळणांवर माणसे गुन्ह्यापासून दूर गेली, आणि पुष्कळांनी ते ठरवून केले नव्हते. दिनक्रम बदलला, संध्याकाळ कोणाबरोबर जाते ते बदलले.

कणखर यांच्यासाठी हेही नोंदवतो की टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये केलेल्या मांडणीनुसार किशोरवयात नियम मोडणाऱ्या बहुसंख्य मुलांचे ते वर्तन त्या वयापुरतेच असते. लहानपणापासून आयुष्यभर चालू राहणारा गट छोटा असतो. उंबरठा यांच्या अकरांत दोन्ही प्रकारची मुले असणार, आणि वेगळ्या तुकडीत वयापुरत्या बिघडलेल्यांना कायमच्या बिघडलेल्यांची सोबत आपण स्वतः पुरवणार.

कणखर

माझे मत थोडे बदलले आहे, पूर्ण नाही. मायेने सर्व काही होते असे मानणाऱ्यांसाठीही एक गोष्ट नोंदवतो. 1939 ते 1945 या काळात मॅसॅच्युसेट्समधील केम्ब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत 506 मुलांच्या जोड्या लावून निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत आणि उन्हाळी शिबिरे दिली. तीस वर्षांनी जोन मकॉर्ड यांनी त्यांना शोधून काढले. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी ‘फार उपयोग झाला’ असे सांगितले, आणि नोंदी पाहिल्या तर दारूचे व्यसन, मानसिक आजार, पुन्हा गुन्हा करणे आणि लवकर मृत्यू यांचे प्रमाण त्यांच्यातच जास्त होते. तेव्हा हेतू चांगला आहे, हा पुरावा धरू नका. तुकडी नको तर नको, पण काच फोडणाऱ्याने काच भरून दिलीच पाहिजे.

पाऊलवाट

काच भरून देण्याबद्दल +१. आणि तुम्ही दिलेल्या उदाहरणाचा उत्तरार्ध सांगतो. नंतरच्या विश्लेषणात तो अपाय मुख्यतः ज्या मुलांना एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिरात पाठवले गेले, त्यांच्यात आढळला. त्यामुळे मायेला दोष देण्यापूर्वी शिबिरातल्या सोबतीकडे पाहावे लागते, आणि आपण पुन्हा उंबरठा यांच्या अकरा मुलांपाशी येतो.

उंबरठा

मतदान आज झाले. तुकडीचा प्रस्ताव पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला, म्हणजे विजय म्हणावा असे काही नाही. आंब्याची म्हण पुन्हा निघाली, तेव्हा मी तिरकस यांचे वाक्य वापरले. थोडे हसू झाले, तरी त्या ज्येष्ठ सदस्यांनी मत बदलले नाही.

ठरले ते असे. तिघांना तीन निरनिराळ्या तुकड्यांत बसवायचे. फुटलेल्या सामानाची यादी, मांडणी आणि साफसफाई हे काम प्रत्येकाने प्रयोगशाळा साहाय्यकाबरोबर वेगवेगळ्या दिवशी, एकट्याने करायचे, दोघे एकत्र कधीच नाहीत. बाकांचा ढीग उद्या हलेल, दिवा लागेल आणि शाळा सुटल्यावर तासभर त्या बाजूला एक कर्मचारी बसेल. चिठ्ठी असो वा नसो, उशीर झाला की तो एकाच ठिकाणी नोंदवला जाईल, हा मुद्दा मी मांडला आणि तो पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

अडले ते वेगळ्याच जागी. तिसऱ्या मुलाला आपल्या तुकडीत घ्यायला सुरुवातीला एकही वर्गशिक्षक तयार होईना. शेवटी गणिताच्या शिक्षिकांनी होकार दिला. त्याच्या आधीच्या नोंदी त्यांना कोणीही दाखवायच्या नाहीत, एवढी एकच अट त्यांनी घातली.

कणखर

मी त्यांच्या जागी असतो, तर वही सर्वांत आधी मागितली असती. सत्र संपल्यावर इथे कळवा.